मोटारींतील ध्वनिवर्धक कां तापतो?

मे महिन्यांतील एखाद्या दुपारीं पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेली एक मोटार डोळ्यांपुढें आणावी. गृहस्थ स्वतः चाक धरून बसले आहेत, शेजारीं त्यांचे वडील आहेत, मागें पत्नी व दोन मुलें. सहा महिन्यांपूर्वीं हौसेनें बसवून घेतलेला ध्वनिवर्धक, म्हणजे बाजारांत ज्याला ॲम्प्लिफायर म्हणतात तो, पुढच्या आसनाखालीं ठेवलेला आहे. पुढच्या दोन दारांत दोन स्पीकर, म्हणजे कर्णे, बसविले आहेत. आणि खर्जाचे स्वर घुमविणारा मोठा कर्णा, ज्याला सबवूफर हें नांव आहे, तो मागें डिकींत आहे. वडिलांच्या आवडीचें नाट्यगीत रंगांत आलें असतां शिरवळच्या आसपास आवाज एकाएकीं बंद पडतो. चहासाठीं अर्धा तास थांबावें, तों यंत्र आपोआप बोलूं लागतें. आणि खंबाटकीचा घाट संपतो न संपतो तोंच पुनः मुकें होतें. आसनाखालीं हात घालून पाहावें, तर बोट टेकवत नाहीं इतकें तें तापलेलें. शिवाय उजव्या दारांतला कर्णा केव्हांपासून खरखरत आहे, ही तक्रार निराळीच.

अशा वेळीं दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "यंत्र गेलें, नवें घ्या." दुसरा म्हणतो, "फ्यूज लहान आहे, मोठा घाला." पहिला सल्ला खिशाला महाग पडतो, दुसरा प्रसंगीं जिवाला महाग पडतो. आणि गंमत अशी कीं, दोहोंपैकीं एकानेंही मूळ कारण जात नाहीं. अंगांत ताप भरला म्हणजे जाणता वैद्य तापालाच रोग समजत नाहीं. तो ताप कशानें आला हें शोधतो. ध्वनिवर्धकाच्या बाबतींतही तोच न्याय लागू आहे. त्याचें तापणें हें लक्षण आहे, आणि आपण होऊन बंद पडणें हा तर त्याच्या अंगचा शहाणपणा आहे.

हें तापणें समजण्यासाठीं त्याचें काम काय तें आधीं पाहिलें पाहिजे. डॅशबोर्डांतल्या रेडिओकडून किंवा मोबाइलकडून येणारा स्वराचा संकेत अत्यंत दुबळा असतो. त्याच्या चढउतारांबरहुकूम बॅटरींतून भरपूर शक्ति घेऊन ती कर्ण्यांकडे सोडणें, हें ध्वनिवर्धकाचें काम. कालव्यावरचा पाटकरी हाताच्या जोरावर दार वरखालीं करतो आणि शेंकडों एकरांचें पाणी त्याच्या हुकमतींत राहतें. तसा येथें अल्प संकेत मोठ्या प्रवाहाला आवरतो. हें दार म्हणजे ट्रान्झिस्टर. १९४७ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्यापूर्वींचे मोटारींतले रेडिओ काचेच्या व्हाल्व्हांवर चालत, आणि व्हाल्व्ह तर तापल्यावांचून कामच करीत नसत. ट्रान्झिस्टर त्या मानानें थंड प्रकृतीचा. तरीही दार अर्धवट उघडें असतां पाण्याचा जोर जसा दारापाशींच खर्च होतो, तशी कांहीं शक्ति ट्रान्झिस्टरांतच खर्च होते व तिची उष्णता बनते.

ही उष्णता किती, हें यंत्राच्या जातीवर अवलंबून असतें. 'ए-बी' वर्गाच्या ध्वनिवर्धकांत भर आवाजाच्या वेळीं बॅटरींतून घेतलेल्या शक्तीपैकीं सुमारें पन्नास ते साठ टक्के शक्ति कर्ण्यापर्यंत पोंचते. म्हणजे कर्ण्यांना १०० वॅट पुरविणारें यंत्र स्वतः ६५ ते १०० वॅटची शेगडी होऊन बसतें. 'डी' वर्गाचें यंत्र दार अर्धवट ठेवीत नाहीं. तें पुरें उघडतें किंवा पुरें मिटतें, आणि ही उघडझांप सेकंदाला लाखों वेळां करतें. म्हणून त्यांत ऐंशी ते नव्वद टक्के शक्ति सत्कारणीं लागते. तात्पर्य, तासभर वाजल्यावर यंत्राचें अंग चांगलें गरम लागणें हा दोष नव्हे. मात्र सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर आंतून सुमारें १५० अंश सेंटिग्रेडपलीकडे गेला कीं त्याचा भरंवसा उरत नाहीं. ती वेळ येण्यापूर्वींच आंतील रक्षक योजना यंत्र बंद करते व बहुधा एक तांबडा दिवा लावते. या योजनेला दोष देण्याऐवजीं तिचे आभारच मानले पाहिजेत.

कारण शोधतांना पहिलें साधन मल्टिमीटर नव्हे, घड्याळ होय. यंत्र किती वेळानें व कोणत्या प्रसंगीं बंद पडतें हें टिपून ठेवावें. चालू करतांक्षणींच तांबडा दिवा लागला, तर बहुधा कर्ण्याची एखादी तार दुसरीला किंवा मोटारीच्या पत्र्याला टेकलेली असते. आवाज वाढवितांच बंद पडलें, तर कर्ण्यांची जोडणी किंवा बॅटरीकडून येणारी वाट संशयास्पद समजावी. मंद आवाजांतही तास-दीड तासानें बंद पडलें, तर वाऱ्याची वाण आहे असें धरून चालावें. आणि एकही कर्णा जोडलेला नसतां यंत्र तापत असेल, तर मात्र दोष आंत आहे. तें कारागिराकडे नेण्यावांचून गत्यंतर नाहीं.

वाऱ्याची गोष्ट सर्वांत सोपी, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. यंत्राच्या अंगावरच्या धातूच्या पात्या शोभेसाठीं नसतात. आंतली उष्णता हवेला देण्यासाठीं असतात. त्यांच्यावर पायपोस अंथरला, डिकींतल्या बॅगा रचल्या, किंवा यंत्र छताकडून उलटें टांगलें, तर गरम हवा वर जाण्याऐवजीं तेथेंच कोंडते. त्यांत उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींतली हवा तासाभरांत बाहेरच्यापेक्षां वीसएक अंशांनीं अधिक तापते. बाहेर ४० अंश असतां आंत ६० अंश, अशा भट्टींत ज्या यंत्राला प्रवास सुरू करावा लागतो, त्याला शिरवळपर्यंत दम निघाला हेंच पुष्कळ. चोहों बाजूंनीं निदान चार बोटें मोकळी जागा राखावी, आणि पात्या उभ्या राहतील अशा बेतानें यंत्र बसवावें.

दुसरें कारण कर्ण्यांच्या जोडणीचें. येथें थोडें गणित अपरिहार्य आहे; परंतु तें सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असेंच आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यानें १८२७ सालीं आपला नियम प्रसिद्ध केला: दाबाला रोधानें भागलें कीं प्रवाह मिळतो. मोटारींतला नेहमींचा कर्णा ४ ओहम रोधाचा असतो. त्यावर २० व्होल्ट दाब पडला तर ५ ॲम्पियर प्रवाह वाहील व १०० वॅट शक्ति खर्च होईल. रोध २ ओहम केला तर तोच दाब १० ॲम्पियर वाहवील. १ ओहम केला तर २० ॲम्पियर. पिंपाला एकीऐवजीं दोन तोट्या बसविल्या म्हणजे पाणी दुप्पट वाहतें, त्यांतलाच हा प्रकार. म्हणूनच ४ ओहमचे दोन कर्णे शेजारीं-शेजारीं, म्हणजे समांतर, जोडले कीं दोहोंचा मिळून रोध २ ओहम होतो; आणि एकापुढें एक, म्हणजे एकसर, जोडले कीं ८ ओहम होतो. कर्णे तेच, तारा त्याच; नुसत्या जोडणीच्या फरकानें यंत्रावरचा भार चौपट होऊं शकतो.

यांत आणखी एक मेख आहे. खर्जाच्या मोठ्या कर्ण्याला जोर मिळावा म्हणून ध्वनिवर्धकाच्या दोन वाहिन्या एकत्र जोडतात. या जोडणीला ब्रिज म्हणतात. अशा वेळीं प्रत्येक वाहिनीला कर्ण्याचा रोध निम्माच भासतो. ४ ओहमचा कर्णा तिला २ ओहमचा वाटतो, आणि २ ओहमचा कर्णा १ ओहमचा. म्हणून पुष्कळ यंत्रांवर स्वच्छ छापलेलें असतें कीं, ब्रिज जोडणींत ४ ओहमहून कमी रोध चालणार नाहीं. ती ओळ वाचण्याची तसदी बसविणारा घेत नाहीं व घेणाराही घेत नाहीं; तिची शिक्षा ट्रान्झिस्टर भोगतात.

तिसरें कारण बॅटरीपासून येणाऱ्या वाटेचें. इंजिन बंद असतां चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असतां तो बहुधा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतो. हा दाब यंत्रापर्यंत पुरा पोंचला पाहिजे, आणि प्रवाहाला परत जाण्याची वाटही तितकीच मोकळी पाहिजे. ही परतीची वाट म्हणजे मोटारीच्या पत्र्याला आवळलेली अर्थिंगची तार. ती पुष्कळदां रंगावरच आवळलेली आढळते. आणि रंग विजेला वाट देत नाहीं. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यानें १८४१ सालीं दाखवून दिलें कीं, तारेंतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एखाद्या सैल सांध्याचा रोध एका ओहमाचा विसावा भाग जरी असला, तरी ३० ॲम्पियर प्रवाहाच्या वेळीं तेथें दीड व्होल्ट बुडतो व ४५ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे गालिच्याखालीं जुन्या पद्धतीचा एक दिवाच जळत राहतो. इकडे दाब उतरल्यामुळें पुष्कळ यंत्रें तेवढ्याच आवाजासाठीं अधिक प्रवाह ओढूं लागतात व आणखी तापतात.

याची परीक्षा सोपी आहे. आवाज मोठा असतां मल्टिमीटरचें एक टोंक यंत्राच्या ऋण खुंटीला व दुसरें बॅटरीच्या ऋण खुंटीला लावावें. कांटा अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाखवील, तर परतीची वाट खराब आहे. पत्र्यावरचा रंग खरवडून, चकाकी आणून, आखूड व जाड तार घट्ट आवळावी; मात्र आसनपट्ट्याच्या बोल्टाला ती कधींही लावूं नये, कारण त्या बोल्टावर माणसाचा जीव अवलंबून असतो. तार घेतांनाही ती तांब्याची आहे ना, हें पाहावें. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा तितक्याच जाड दिसतात, परंतु त्यांची वाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारें दोनतृतीयांशच असते.

चौथें कारण एका खुंटीच्या गैरसमजाचें. यंत्रावर 'गेन' नांवाची खुंटी असते. ती आवाज मोठा करण्याची आहे अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः रेडिओकडून येणारा संकेत जितका बलवान् असेल, त्याच्याशीं यंत्राचा मेळ घालण्यासाठीं ती असते. ती शेवटपर्यंत पिरगळली, कीं स्वरलहरींचे माथे यंत्राच्या आवांक्याबाहेर जातात व सपाट छाटले जातात. गोल माथ्याची लहर पुरी चौकोनी झाली, तर तितक्याच उंचीच्या लहरींत दुप्पट शक्ति भरते. ती यंत्रालाही तापविते व कर्ण्यालाही जाळते. रेडिओचा आवाज पाऊण पट्टीवर ठेवावा, 'गेन' हळूहळू वाढवावा, आवाज किंचित् फाटल्यासारखा वाटतांच मागें घ्यावा व तेथेंच सोडावा.

आतां कर्ण्यांकडे वळावें. आजच्या कर्ण्याची मूळ रचना जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं मांडली, ती तत्त्वतः अद्याप बदललेली नाहीं. लोहचुंबकाच्या अरुंद फटींत तारेचें एक हलकें वेटोळें असतें. त्यांतून प्रवाह गेला कीं तें मागें-पुढें सरकतें व त्याला चिकटविलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवेला हलवितो. म्हणून कर्णा बिघडण्याचीं ठिकाणेंही मोजकींच आहेत: वेटोळें जळतें किंवा तुटतें, तें वांकडें होऊन चुंबकाला घासतें, पडद्याची कड कुजते किंवा फाटते, नाहीं तर कर्ण्यापर्यंत येणारी तारच खराब होते. कोंकणांत व घाटमाथ्यावर दारांत झिरपणारें पावसाचें पाणी या सर्वांना हातभार लावतें.

दोष यंत्रांत कीं कर्ण्यांत, हें ठरविण्याची युक्ति म्हणजे अदलाबदल. यंत्र बंद करून डाव्या व उजव्या कर्ण्यांच्या तारा यंत्रापाशीं एकमेकींच्या जागीं लावाव्या. खरखर उजव्या दारांतून डाव्या दारांत गेली, तर दोष यंत्राचा किंवा रेडिओचा. ती उजव्या दारांतच राहिली, तर कर्ण्याचा किंवा त्याच्या तारेचा. मग कर्ण्याच्या दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटरनें रोध मोजावा. ४ ओहमचा निरोगी कर्णा बहुधा ३ ते ३.७ ओहम दाखवितो. मोजण्याच्या तारांचा स्वतःचा रोध त्यांतून वजा करावा. कांहींच प्रवाह वाहिला नाहीं तर वेटोळें तुटलें आहे. एकाहूनही कमी ओहम भरला तर तें जळून आंतल्या आंत चिकटलें आहे. दीड व्होल्टाचा साधा सेल क्षणभर लावला असतां 'टक्' असा आवाज होऊन पडदा हलला पाहिजे. शेवटीं दोन्ही हातांच्या बोटांनीं पडदा सारख्या दाबानें हळूच आंत लोटावा; आंतून वाळू घासल्यासारखा आवाज आला, तर वेटोळें चुंबकाला लागत आहे. असा कर्णा दुरुस्त करण्यापेक्षां बदललेलाच बरा. परंतु बदलतांना रोध तोच असला पाहिजे. दार उघडतांना एक सावधगिरी मात्र विसरूं नये: बॅटरीची ऋण तार आधीं सोडवून ठेवावी, आणि पिवळ्या वेष्टनांतल्या तारांना हात लावूं नये, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

इतकें झाल्यावर त्या दुसऱ्या सल्ल्याचा, मोठ्या फ्यूजचा, विचार केला पाहिजे. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठीं असतो ही समजूत अर्धीच खरी आहे. बॅटरीपाशीं असलेला मुख्य फ्यूज तारेच्या रक्षणासाठीं असतो. बॅटरीपासून निघालेली तार इंजिनाच्या मागच्या पत्र्याच्या भोंकांतून आंत येते व गालिच्याखालून, पायांखालून यंत्रापर्यंत जाते. त्या भोंकाच्या कडेवर तिचें वेष्टन कापलें गेलें, तर बॅटरी तिच्यांतून कित्येक शें ॲम्पियर लोटूं शकते. त्या क्षणीं फ्यूज वितळला तर नुकसान त्या फ्यूजपुरतेंच. फ्यूजच्या जागीं जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटांतला चांदीचा कागद गुंडाळलेला असेल, तर फ्यूजचें काम तारेलाच करावें लागतें. ती तांबडीलाल होते व गालिचा पेट घेतो. मोटार चालतीच असली तर धूर दिसेपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाहीं. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन खुंटीपासून सुमारें ४५ सेंटिमीटरच्या आंत असावा, तारेच्या जाडीला शोभेल इतकाच असावा, आणि पत्र्याच्या भोंकाला रबरी कडें असावें. फ्यूज वारंवार जात असेल, तर तो कांहीं तरी सांगत आहे असें समजून कारण शोधावें. त्याचें तोंड बंद करूं नये.

आतां त्या पुण्याच्या मोटारीकडे परत यावें. शोध या क्रमानें केला, तर काय आढळेल? यंत्र तासाभरानें बंद पडतें, थंड झालें कीं चालतें. अर्थात् संशय वाऱ्यावर व भारावर. आसनाखालचा पायपोस काढला, तेव्हां पात्यांवर सहा महिन्यांची धूळ निघाली. सर्व कर्णे सोडवून एकेक जोडला. दारांतले दोन्ही कर्णे जोडून अर्धा तास वाजवले, तरी यंत्र कोमटच राहिलें. खर्जाचा कर्णा जोडतांच तें झपाट्यानें तापूं लागलें. तो सोडवून मोजला तर रोध दोन ओहमहूनही थोडा कमी भरला. त्याला ४ ओहमचीं दोन वेटोळीं होतीं व बसविणाऱ्यानें तीं समांतर जोडून दोन वाहिन्यांच्या ब्रिजवर चढविलीं होतीं. प्रत्येक वाहिनीवर एका ओहमचा भार पडत होता. तींच वेटोळीं एकसर जोडलीं, रोध ८ ओहम झाला, प्रत्येक वाहिनीला ४ ओहम मिळाले. उजव्या दारांतला कर्णा बाहेर काढून निराळ्या तारेनें वाजविला, तर तो स्वच्छ बोलला. बिजागरीपाशीं दाराच्या उघडझांपेनें जुनी तार मात्र सोलली गेली होती व ती पत्र्याला टेकत होती. हातभर नवी तार घातली व ती रबरी नळींतून नेली.

नवें यंत्र घ्यावें लागलें नाहीं, नवा कर्णाही लागला नाहीं. खर्च झाला तो हातभर तारेचा, एका रबरी नळीचा आणि एका रविवारच्या सकाळचा. खर्जाचा दणका पूर्वीपेक्षां उतरला, हें खरें. मुलांनीं त्याबद्दल थोडी कुरकुरही केली असेल. परंतु पुढच्या खेपेस शिरवळ गेलें, खंबाटकीचा घाट गेला, सातारा मागें पडला, तरी वडिलांचें नाट्यगीत कोठें तुटलें नाहीं. आणि गालिच्याखालची तार, योग्य फ्यूजच्या पहाऱ्यांत, थंड राहिली.